शाळा बंद पडली, विक्रम टिकला

तुमच्या शाळेत लांब उडीचा वाळूचा खड्डा आहे ना? अमेरिकेतल्या ईस्ट सेंट लुईस या गरीब गावात जॅकी जॉयनर नावाची मुलगी राहायची. तिला सरावाला खड्डा हवा होता. मग काय! जॅकीने आणि तिच्या बहिणींनी मैदानावरची वाळू वेफर्सच्या रिकाम्या पिशव्यांतून आणली, घरासमोर खड्डा केला आणि ओट्यावरून उड्या सुरू!

जॅकी आणि तिचा थोरला भाऊ अल, दोघंही गावातल्या लिंकन हायस्कूल या सरकारी शाळेत शिकले. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये अलने तिहेरी उडीत सुवर्णपदक पटकावलं. जॅकीचं हेप्टॅथलॉनचं सुवर्ण मात्र अवघ्या ५ गुणांनी हुकलं. हेप्टॅथलॉन म्हणजे दोन दिवसांत सात प्रकार: धावणं, उड्या, गोळाफेक, भालाफेक, सगळं आलं!

जॅकी रडत बसली नाही. १९८८ साली सोलमध्ये तिने ७२९१ गुणांचा विश्वविक्रम केला. तो आजही अबाधित आहे!

१९९८ साली लिंकन हायस्कूल बंद झालं. पण जॅकी गावाला विसरली नाही. २००० साली तिच्या प्रयत्नांतून तिथे मुलांसाठी केंद्र उभं राहिलं. शाळेचं दार बंद झालं, तरी तिने लावलेली सवय बंद होत नाही. खरं ना?