‘ऑफिसचं काम’ म्हणून लिहिलेल्या गोष्टी

तुमच्या लॅपटॉपवर एखादा फोल्डर आहे, ज्याचं नाव आणि आतला माल यांचा काडीचाही संबंध नाही? माझ्याकडे आहे. नाव ‘टॅक्स’. आत तेरा कथा, काही अर्धवट कविता आणि निमोण्यावरचं एक लांबलचक काहीतरी.

निमोणे म्हणजे माझं गाव, शिरूर तालुक्यातलं. खराडीच्या ऑफिसातून शुक्रवारी निघायचं, नगर रोडचा ट्रॅफिक झेलायचा आणि रात्री आजीच्या हातची भाकरी खायची, हा माझा हक्काचा वीकएंड. गेल्या दिवाळीत रात्री अकराला ओट्यावर टाइप करत बसले होते. आजीने विचारलं, ‘‘एवढ्या रातचं काय गं करतीस?’’ मी बिनदिक्कत म्हटलं, ‘‘ऑफिसचं काम.’’

आजीशीसुद्धा खोटं! आणि ते कशासाठी, तर ‘मी लिहिते’ हे दोन शब्द तोंडातून निघेनात म्हणून. पार्टीत ‘काय करतेस’ विचारलं, की आपण डेसिग्नेशन फेकतो. लिहिण्याचा विषय निघालाच तर ‘अगं, ते असंच टाइमपास’. पुस्तक छापलेलं नाही, मग स्वतःला लेखिका कसं म्हणायचं?

तेव्हा मला फलटणच्या बेबीताई कांबळे आठवतात. जन्म १९२९ चा, शाळा चौथीपर्यंत. नवऱ्याबरोबर छोटं किराणा दुकान चालवायच्या. सामान बांधायला आणलेली रद्दी त्या आधी वाचून काढायच्या आणि मग पुड्या बांधायच्या. (पुडी सोडून कागद वाचणारे आपल्यातही कमी नाहीत. मी तर अजून वडापावचा कागद वाचते.) गिऱ्हाईक नसलं, की त्या लिहायच्याही. आपल्या महार समाजाचं जगणं, भूक, आजारपणं, अंगात येणं, सासरी सुनांचे होणारे हाल आणि बाबासाहेबांच्या विचारांनी आलेली जाग, सगळं.

हे लिखाण त्यांनी वीसेक वर्षं घरच्यांपासून लपवलं. नवऱ्याची भीती, सासरच्यांची भीती. माझी भीती काय? टीममधली मुलं हसतील. तुलना केली की लाजच वाटते.

मग फलटणमध्ये राहणाऱ्या भाषाभ्यासक मॅक्सिन बर्नसन यांना त्या लिखाणाबद्दल कळलं. त्यांनी ते वाचलं आणि छापायचा आग्रह धरला. ‘स्त्री’ मासिकात ते क्रमशः आलं आणि १९८६ मध्ये ‘जिणं आमुचं’ या नावाने पुस्तक झालं. २००८ मध्ये माया पंडित यांनी ते इंग्रजीत नेलं. २०१२ मध्ये बेबीताई गेल्या, पण पुस्तक आज विद्यापीठांत शिकवलं जातं. ते कागद कुणीतरी रद्दीत घातले असते तर?

मला यातलं एकच कळतं. बेबीताई १९८६ ला लेखिका झाल्या नाहीत. त्या काउंटरमागे बसून लिहीत होत्या, तेव्हाच होत्या. फक्त एका माणसाने वाचायची वाट होती.

आणि ‘जॉब करून कुठे वेळ मिळतो’ हे कारण जरा जपून द्या, हं! व्यंकटेश माडगूळकर पुणे आकाशवाणीत नोकरी करत लिहीत राहिले. अरुण कोलटकर जाहिरातींच्या धंद्यात होते, तिथेही डेडलाइन असतातच की. नारायण सुर्वे यांनी गिरणीत काम केलं, शाळेत शिपाईगिरी केली आणि १९९५ च्या परभणीच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपदही भूषवलं.

तेव्हा राव, फार मोठं काही करू नका. फोल्डरचं नाव बदला. त्यातलं एक पान एकाच माणसाला दाखवा. लाइक्ससाठी नको. जो शेवटपर्यंत ऐकेल आणि खरं बोलेल अशा एखाद्याला. ऑफिसातली डब्याची मैत्रीण चालेल, धाकटा भाऊ चालेल.

मी आजीला निवडलं. पुढच्या खेपेला निमोण्यात जेवणं झाल्यावर म्हटलं, ‘‘आजी, त्या दिवशी ऑफिसचं नव्हतं. मी लिहिते. तुला वाचून दाखवू?’’

आजी पाय पसरून बसली. मी आमच्या जुन्या खळ्याचा भाग वाचला. पात, मळणी, आजोबांची सर्जा-राजाची जोडी. घसा कोरडा पडला होता. संपल्यावर आजी बराच वेळ गप्प. मला वाटलं, डोळा लागला.

‘‘सर्जा न्हाय,’’ ती म्हणाली. ‘‘चंद्र्या व्हता त्यो. सर्जा मागनं घेतला, तुझ्या बापाच्या लग्नाला इकला. ते बी लिव.’’

मी लॅपटॉप पुन्हा उघडला.