वास नसलेले टर्पेंटाइन

लग्नसराई जवळ आली की घराची दारे-खिडक्या रंगवून घेण्याची घाई सुरू होते. ऑइल पेंट पातळ करण्यासाठी रंगारी डब्यात टर्पेंटाइन ओततो, घरभर उग्र दर्प भरतो आणि घरमालक म्हणतो, "जरा कमी वासाचे काही आणा ना!" मागणी रास्त आहे. परंतु वास गेला म्हणजे अपायही गेला काय, हा प्रश्न कामगारांत वावरणाऱ्या आम्हांला विचारणे भाग आहे.

प्रथम हे द्रव्य काय असते ते पाहू. अस्सल टर्पेंटाइन हे चीड वृक्षाच्या चिकापासून ऊर्ध्वपातनाने काढलेले तेल होय. त्याच नावाने बाजारात मिळणारे स्वस्त द्रव्य बहुधा खनिज तेलाचे असते. साधारणतः १५० ते २०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान उकळणारा तो पेट्रोलियमचा अंश. त्याचा उग्र दर्प मुख्यतः ॲरोमॅटिक हायड्रोकार्बनांमुळे येतो. साध्या प्रतीत ती शेकडा १५ ते २० पर्यंत असू शकतात. कमी वासाच्या प्रतीतून ती बहुतांशी काढून टाकलेली असतात. हा लाभ खराच आहे. उलट अस्सल टर्पेंटाइन हवा लागून जुने झाले की कित्येकांच्या हाताला इसब आणते. म्हणून या तिहींत निवड करावयाची तर कमी वासाची खनिज प्रत घ्यावी, असे आम्ही सांगू.

पण येथेच सावध व्हावयास हवे. उरलेले द्रव्यही उडून हवेतच जाते. त्याची वाफ हवेपेक्षा जड. बंद खोलीत ती साचून राहते. डोके दुखते, भोवळ येते. पूर्वी वास हा निदान चौकीदार तरी होता. आता तो गप्प बसतो. "आम्हांला सवय झाली" असे रंगारी म्हणतो, तेव्हा सवय नाकाला झालेली असते, मेंदूला नव्हे. १९७० नंतर डेन्मार्क-स्वीडनमध्ये रंगाऱ्यांची पाहणी झाली, तेव्हा वर्षानुवर्षे अशी वाफ घेतलेल्यांत विसरभोळेपणा, थकवा, चिडचिड दिसून आली. पुढे तेथे घरातील कामासाठी पाण्यात मिसळणाऱ्या रंगांकडे वळण्यात आले.

तेव्हा डबा घेताना वास घेऊन पाहू नये, माहितीपत्रक मागावे. ॲरोमॅटिकांचे प्रमाण कमी आणि पेट घेण्याचे तापमान जास्त, ते बरे. रंगात ते गरजेपुरतेच घालावे. कुंचला आधी फडक्याने पुसावा, मग धुवावा. समोरासमोरच्या खिडक्या रंग वाळेपर्यंत उघड्या ठेवाव्यात. जवसाच्या तेलाने माखलेल्या चिंध्यांचा बोळा करून टाकू नये. तो आपोआप पेटतो. चित्रकारांनी हेही ध्यानात ठेवावे की डामर राळेचे व्हार्निश या कमी वासाच्या द्रव्यात नीट विरघळत नाही. आणि जेथे पाण्याचा रंग चालेल, तेथे पाण्याहून चांगले पातळ करणारे दुसरे काही नाही.

घरमालक एक-दोन दिवस शेजाऱ्याकडे निजावयास जातो. रंगारी मात्र उद्या दुसऱ्या बंद खोलीत उभा असतो. चांगल्या डब्याचे चार पैसे जास्त पडले तर ते त्याच्या मजुरीतून कापू नयेत, एवढेच आमचे मागणे आहे.