‘पळून गेला’ म्हणे! मग माणूस कुठे आहे?

आमच्या जत तालुक्यातली कितीतरी पोरे पोटासाठी सांगली, पुणे, मुंबई गाठतात. आठ दिवस खुशाली कळली नाही, तर आईच्या घशाखाली घास उतरत नाही. मग परभणीच्या आसिया बेगम यांनी 2003 पासूनचे दिवस कसे काढले असतील?

त्यांचा मुलगा ख्वाजा युनूस. अभियंता, दुबईत नोकरी केलेला. 2 डिसेंबर 2002 रोजी मुंबईत घाटकोपरला बसमध्ये स्फोट झाला. त्या गुन्ह्यात 25 डिसेंबरला त्याला पकडले. पुढे जानेवारीत पोलीस म्हणाले, तपासासाठी नेताना पारनेरजवळ जीपला अपघात झाला आणि आरोपी पळाला. कोठडीत सोबत असलेल्या एका डॉक्टरने मात्र न्यायालयात सांगितले की, 6 जानेवारीला त्याला बेदम मारले, तो रक्त ओकला. त्यानंतर युनूस घरी आला नाही. त्याचा देहही मिळाला नाही.

घरच्यांनी उच्च न्यायालयाचे दार ठोठावले. सीआयडी तपासात पळून गेल्याची गोष्ट टिकली नाही. 14 पोलिसांवर ठपका आला. सरकारने खटल्याला परवानगी दिली ती चौघांपुरती. स्फोटाच्या खटल्यातले सहआरोपी 2005 साली निर्दोष सुटले. 2012 साली न्यायालयाने आईला 20 लाखांची भरपाई ठरवली. पण मुलाचे काय झाले, याचा निकाल वीस वर्षे उलटली तरी लागला नाही.

हे दूरचे म्हणून सोडू नका. नोव्हेंबर 2017 मध्ये आपल्या सांगलीत अनिकेत कोथळेबद्दलही ‘पळाला’ असेच सांगितले गेले. प्रत्यक्षात तो कोठडीत मेला होता आणि त्याचा देह आंबोलीत नेऊन जाळला होता.

म्हणून घराघरात हे ठाऊक हवे. संविधानाच्या कलम 22 प्रमाणे अटकेनंतर 24 तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे करावेच लागते. 1996 च्या डी. के. बसू निकालाने अटकेचा कागद, त्यावर साक्षीदाराची सही आणि नातेवाइकाला खबर देणे बंधनकारक केले. कोठडीतून माणूस नाहीसा झाला, तर न्यायदंडाधिकाऱ्याने चौकशी करायची, अशी दुरुस्ती 2005 साली कायद्यात झाली. माणूस हजर करा, असा अर्ज थेट उच्च न्यायालयात करता येतो.

आम्ही कारकुनी करणारी माणसे. तोंडी शब्द वाऱ्यावर जातो, कागद उरतो. पोराला नेले, तर तारीख, वेळ आणि ठाणे लिहून ठेवा. अर्ज द्या, पोच घ्या. आणि कुणी ‘पळून गेला’ म्हटले, तर घरी परतू नका. विचारा, माणूस कुठे आहे?