मटकी कोण भिजत घालतं?

फळ्यावर खडूने दोन मोठी वर्तुळं काढायची आणि प्रत्येकाचे चोवीस भाग करायचे. एक आईचं, एक बाबांचं. मग समोर बसलेल्या मुलामुलींनी आपापल्या घरातला कालचा दिवस तासातासाने भरायचा. स्त्री-पुरुष समानतेवरच्या कार्यशाळांत हा खेळ अनेक वर्षं घेतला जातो. बाबांचं वर्तुळ भराभर भरतं: लोकल, ऑफिस, लोकल, जेवण, टीव्ही, झोप. अडतं ते आईपाशी. धाकट्याचा अभ्यास घेता घेता कणीक मळली, ती कोणत्या तासात लिहायची? झोपण्यापूर्वी मटकी भिजत घातली, त्याला काम म्हणायचं की नाही? वर्ग अंधेरी-बोरिवलीचा असो की घाटकोपर-मुलुंडचा, वादाला तोंड फुटतं ते इथेच.

‘बाबा कमावतात, मग घर आईने बघायला नको का?’ हा प्रश्न हमखास येतो आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. उपनगरातला बाप रोज दोन-तीन तास गर्दीत उभा राहून घरी येतो, तो दमलेलाच असतो. पण त्याच रुळांवरून आईही प्रवास करते. 5 मे 1992 रोजी पश्चिम रेल्वेने चर्चगेट-बोरिवली मार्गावर फक्त महिलांसाठी लोकल सोडली, ती नोकरदार बायकांची संख्या डोळ्यांआड करण्याजोगी उरली नव्हती म्हणूनच. संध्याकाळच्या लेडीज डब्यात मेथी निवडणाऱ्या, मटार सोलणाऱ्या बायका मुंबईकरांनी वर्षानुवर्षं पाहिल्या आहेत. त्यांच्या उरकाचं कौतुकही पुष्कळ झालं. कौतुकापेक्षा त्यांना हवी होती ती घरात मेथी निवडणारी आणखी एका माणसाच्या हातांची जोडी.

आकडेही हेच सांगतात. केंद्र सरकारच्या 2019 च्या वेळ-वापर पाहणीनुसार देशात 81 टक्के स्त्रिया दिवसभरात घरातलं बिनपगारी काम करतात, पुरुष मात्र 26 टक्केच. जे हे काम करतात त्यांच्यातही बायकांची सरासरी 299 मिनिटं, पुरुषांची 97. ‘आता जमाना बदललाय’ असं म्हणणाऱ्यांनी 2024 ची पाहणी बघावी. बायकांची मिनिटं 289 वर आली, पुरुषांची 88 वर. म्हणजे बायकांचं काम दहा मिनिटांनी हलकं झालं, पण ते पुरुषांनी उचललं असं काही या आकड्यांवरून दिसत नाही.

हे प्रश्न अभ्यासाचा विषय होऊ शकतात, हे मान्य व्हायला बराच काळ गेला आणि त्या गोष्टीतला महत्त्वाचा टप्पा उपनगरांशी जोडलेला आहे. महर्षी कर्वे यांनी 1916 मध्ये महिला विद्यापीठ सुरू केलं. तेच पुढे श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी विद्यापीठ झालं. शिक्षण मातृभाषेतून देण्याचा कर्व्यांचा आग्रह काळाच्या पुढचा होता. मात्र स्त्री आणि पुरुष यांची समाजातली कामं वेगळी, म्हणून त्यांचं शिक्षणही वेगळं, अशी त्यांची धारणा होती. त्यामुळे गृहव्यवस्था, आरोग्य हे विषय अभ्यासक्रमात आले. या मर्यादेमुळे कर्वे लहान ठरत नाहीत. विधवांसाठी त्यांनी जे सोसलं ते विसरून बोलणं कृतघ्नपणाचं होईल. विलक्षण गोष्ट अशी की, कामांच्या या वाटणीलाच प्रश्न विचारणारं देशातलं पहिलं स्त्री-अभ्यास केंद्र 1974 मध्ये त्याच विद्यापीठात उभं राहिलं. समाजशास्त्रज्ञ नीरा देसाई यांनी स्थापन केलेलं हे केंद्र आता जुहूच्या आवारात आहे. स्त्री-अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषद 1981 मध्ये याच विद्यापीठाने भरवली आणि पुढच्या वर्षी त्या अभ्यासकांची देशव्यापी संघटना स्थापन झाली.

मुलगे या चर्चेत आले ते खूप उशिरा. 1991 मध्ये पत्रकार सी. वाय. गोपीनाथ यांनी वर्तमानपत्रात एक जाहिरात दिली: बायकोला मारहाण करणं चूक आहे असं मानणारे आणि ती थांबवण्यासाठी काही करू इच्छिणारे पुरुष हवेत. दोनशेहून अधिक पुरुषांनी पत्रं पाठवली. त्यांतूनच 1993 मध्ये ‘मावा’ ही पुरुषांची संघटना मुंबईत उभी राहिली. देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत शिकलेले हरीश सदानी तिच्या संस्थापकांपैकी. 2006 पासून ‘युवा मैत्री’ उपक्रमातून ही संघटना कॉलेजच्या मुलांशी बोलते आहे. शिबिरं, पथनाट्यं, चित्रपट दाखवून गप्पा, असा सगळा मामला असतो. भाषणावर भर नाही, कारण भाषण ऐकलं की विशीतला मुलगा मान डोलावतो आणि विसरतो.

या गप्पांतून मुलग्यांची स्वतःची दुखणीही बाहेर येतात. रडलास की ‘बायल्या’, स्वयंपाकघरात गेलास की चिडवाचिडवी, बारीक आवाज असला की वर्गभर टिंगल. आईच्या वाट्याला घर येतं आणि मुलाच्या वाट्याला हा धाक, ते एकाच व्यवस्थेतून. म्हणूनच आठ मार्चला ‘विद्यार्थिनींसाठी’ अशी नोटीस लावून कार्यक्रम उरकण्याची पद्धत चुकीची वाटते. ज्यांच्या वागण्याबद्दल बोलायचं, तेच कँटीनमध्ये बसलेले असतात.

नियम तरी मुलग्यांना बाहेर ठेवत नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या लैंगिक छळाविषयीच्या 2015 च्या नियमावलीत मुख्यतः स्त्रियांचा, पण काही वेळा पुरुष आणि तृतीयपंथी विद्यार्थ्यांचाही असा छळ होऊ शकतो याची स्पष्ट दखल आहे. प्रत्येक कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती हवी आणि विद्यार्थ्यांशी संबंधित प्रकरणात तीन निवडून आलेले विद्यार्थी सदस्य हवेत, असंही ती सांगते. त्या जागांसाठी मुलींइतकेच मुलगेही उभे राहू शकतात.