'फौजेत होतो' एवढे सांगून भागत नाही

भीमा कोरेगावच्या विजयस्तंभावर सैनिकांची नावे कोरलेली आहेत. त्यातील 'नाक' प्रत्यय असलेली नावे वाचूनच आपण आज ठणकावून सांगतो की, १ जानेवारी १८१८ रोजी तेथे महार सैनिक लढले. ती नावे दगडावर नसती तर हा इतिहास आपल्याला कोणी सुखासुखी दिला असता काय? पुढे इंग्रजांनीच महारांची लष्करभरती बंद केली. तेव्हा १८९४ साली गोपाळबाबा वलंगकरांनी आणि १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी सरकारकडे जे अर्ज केले, त्यांचा आधारही पूर्वजांच्या लष्करी सेवेचाच होता. सेवा करणे वेगळे आणि ती कागदावर सिद्ध करता येणे वेगळे, हे या दोन्ही पुरुषांनी ओळखले होते.

आज आमच्याकडे वकिलीच्या निमित्ताने जे माजी सैनिक येतात, त्यांच्यापैकी पुष्कळांना हे ठाऊक नाही. १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली, त्यानंतर आपल्या समाजातील कितीतरी घरांतून बाप-लेक दोघेही फौजेत गेले. पेन्शनवर आलेला जवान डिस्चार्ज बुक लोखंडी पेटीत ठेवतो, पेटीला कुलूप घालतो आणि पुढची वीस वर्षे दुकानात, दवाखान्यात, ग्रामपंचायतीत तोंडी सांगत राहतो, "साहेब, मी फौजी आहे." समोरचा माणूस म्हणतो, "कार्ड दाखवा." मग हा चिडतो. चिडण्याचे कारण नाही. दुकानदाराने कार्ड मागितले म्हणून अपमान झाला असे मानू नये.

पहिली गोष्ट, डिस्चार्ज बुक हा मूळ पुरावा आहे. तो खिशात घेऊन बाजारात हिंडण्याचा कागद नव्हे. रोजच्या व्यवहारासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने दिलेले माजी सैनिकाचे ओळखपत्र असते. डिस्चार्ज बुक, पेन्शनचा आदेश म्हणजे पीपीओ, आधार, रहिवासाचा पुरावा आणि फोटो घेऊन त्या कार्यालयात आधी नाव नोंदवावे लागते. नोंदणी आपोआप होत नाही. नोकरी सुटली त्या दिवशी कोणी घरी येऊन कार्ड देत नाही. कॅन्टीनचे कार्ड वेगळे आणि १ एप्रिल २००३ पासून सुरू झालेल्या ईसीएचएस या आरोग्य योजनेचे कार्ड वेगळे. एक कार्ड दुसऱ्याचे काम करील, असे धरून चालू नये.

येथे कायद्याची एक बाब सांगितली पाहिजे. फौजेत काही दिवस काढले म्हणून प्रत्येक जण सरकारी व्याख्येत 'माजी सैनिक' ठरत नाही. नोकरी केव्हा आणि कशी सुटली यावर ते ठरते. पेन्शन मिळण्याआधी स्वतःच्या अर्जावर घरी आलेल्याला सहसा तो दर्जा मिळत नाही, आणि हे त्याला बऱ्याचदा सरकारी भरतीचा अर्ज भरताना कळते.

आता सवलतींविषयी. काही दुकाने, हॉटेले, विमान कंपन्या फौजींना दरात सूट देतात. ही सूट चांगली आहे, पण तो हक्क नाही. ती देणाऱ्याची मर्जी आहे आणि कोणते कार्ड चालेल हेही तोच ठरवतो. विमानाचे तिकीट फौजी दराने काढले आणि विमानतळावर कार्ड निघाले नाही, तर भांडून उपयोग नाही. पाटीवर सूट लिहून गल्ल्यावर नाकारली, तर ग्राहक आयोगाचा मार्ग आहे. पण पन्नास रुपयांसाठी तारखा घेण्याचा सल्ला आम्ही कोणाला देणार नाही.

टोलनाक्यावरची भांडणे तर निव्वळ गैरसमजातून होतात. १९०१ च्या टोलविषयक कायद्यातील माफी सेवेत आणि कर्तव्यावर असलेल्यांसाठी आहे. निवृत्त माणसाच्या खासगी गाडीला ती लागू नाही. गाडीच्या काचेवर 'आर्मी' लिहिल्याने कायदा बदलत नाही. उलट घरपट्टीची माफी खरी असून लोक ती मागतच नाहीत. २०२० साली महाराष्ट्र सरकारने माजी सैनिकांना व सैनिकांच्या विधवा पत्नींना एका राहत्या घरापुरता मालमत्ता कर माफ करण्याचा निर्णय घेतला. त्यासाठी सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला घेऊन ग्रामपंचायतीकडे किंवा नगरपालिकेकडे अर्ज द्यावा लागतो. चहाच्या बिलात पाच टक्के सूट मिळवण्यासाठी हुज्जत घालणारे आमचे बांधव दरवर्षी घरपट्टीची पावती मात्र निमूटपणे फाडतात!

कार्डाची झेरॉक्स देताना तीवर तारीख आणि कारण लिहावे. कार्डाचा फोटो मोबाइलवरून अनोळखी माणसाला पाठवू नये. फौजींच्या ओळखपत्रांचे फोटो दाखवून 'माझी बदली झाली, गाडी स्वस्तात विकतो' असे सांगणाऱ्या ठगांनी देशभर लोकांना लुबाडले आहे. सैनिक नसताना सैनिक असल्याचे भासवण्यासाठी गणवेश किंवा तशी खूण वापरणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे. पण तुमच्या कार्डावर दुसऱ्याने ठगी केली, तर पोलीस आधी तुमच्याच दारात येतील.

आता खरे दुखणे. ते नावाचे आहे. आपल्या समाजात आडनावांची काय गत आहे हे सांगायला नको. कोणी गावावरून आडनाव घेतले, कोणी जुने टाकून नवे लावले, भावाभावांची आडनावे निराळी झाली. भरतीच्या दिवशी कारकुनाने नुसते नाव आणि बापाचे नाव लिहून घेतले. शाळेच्या दाखल्यावर एक, डिस्चार्ज बुकात दुसरे, आधारवर तिसरे. जवान जिवंत असतो तोवर हे खपते, कारण पेन्शन खात्यात येत असते. तो गेला की सगळे अंगावर येते ते त्याच्या बायकोच्या. एका बाईंचे प्रकरण आम्ही हाताळले. माहेरचे नाव लष्कराच्या नोंदीत, सासरचे नाव रेशनकार्डावर, आणि दोन्ही बायका एकच, हे सिद्ध करण्यात त्या माउलीचे दीड वर्ष गेले. तिचा कुटुंब पेन्शनचा हक्क पहिल्या दिवसापासून होता. नव्हता तो फक्त कागद.

म्हणून आमचे माजी सैनिक बांधवांना आग्रहाचे सांगणे आहे की, स्वतःच्या हयातीत पीपीओवर पत्नीचे नाव, जन्मतारीख आणि स्पेलिंग तपासून घ्या. आता पेन्शनचा कारभार 'स्पर्श' या संगणकीय व्यवस्थेत गेला आहे, तेथे नाव एका अक्षराने चुकले तरी अडते. दुरुस्तीचा अर्ज सैनिक कल्याण कार्यालयामार्फत आपल्या रेकॉर्ड ऑफिसकडे जातो. महार रेजिमेंटच्या जवानांसाठी ते सागर येथे आहे. निवृत्तीनंतर लग्न झाले असेल तर तीही नोंद तेथेच करून घ्यावी लागते. डिस्चार्ज बुक हरवले असेल तर आधी पोलिसात नोंद, मग प्रतिज्ञापत्र, मग अर्ज. वेळ लागतो. पण हे काम म्हाताऱ्या बायकोने एकटीने करण्यापेक्षा तुम्ही केलेले बरे.

आणखी एक प्रश्न दाराशी येऊन उभा आहे. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेच्या अटींप्रमाणे चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्या अग्निवीराला पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही, कॅन्टीन नाही, ईसीएचएस नाही. त्याच्या हातात सेवानिधीची रक्कम आणि प्रमाणपत्र येईल. आपल्या वस्त्यांतील पोरे पहाटे उठून डांबरी रस्त्यावर धावतात ती याच भरतीसाठी. त्यांना या अटी भरतीच्या आधी कोणीतरी वाचून दाखवल्या पाहिजेत. विहारातील रविवारच्या बैठकीत अर्धा तास यासाठी काढायला कोणाची हरकत नसावी.

त्याच बैठकीत वीरपत्नी आणि इतर सैनिक-विधवांनाही बोलवावे. त्यांना त्यांच्या नावाचे स्वतंत्र ओळखपत्र मिळते. पुष्कळजणी मृत पतीचेच कार्ड पुढे करतात आणि गल्ल्यावरून परत फिरतात. पतीचा मृत्यूचा दाखला, पीपीओ, स्वतःचे आधार आणि बँकेचे पासबुक घेऊन त्यांनी सैनिक कल्याण कार्यालयात जावे. सोबत वस्तीतला एखादा शिकलेला मुलगा न्यावा, म्हणजे अर्ज तेथल्या तेथे भरून होईल.