अटक म्हणजे दोष नव्हे, जामीन म्हणजे सुटका नव्हे

सुरत-भुसावळ लोहमार्गावरील चिंचपाड्यासारख्या लहान गावात एखाद्या दुकानदाराला पोलिसांनी नेले, की ती वार्ता पुढच्या गाडीने नंदुरबारला पोहोचते. सायंकाळपर्यंत घाऊक पेढ्यांवर त्याची उधारी आवळली जाते, ठरत आलेली सोयरीक थांबते. काही दिवसांनी तोच गृहस्थ जामिनावर घरी आला, की ‘सुटला बुवा एकदाचा’ असे म्हणून सगळे निश्चिंत होतात. कायद्याच्या दृष्टीने या दोन्ही वेळी आपली गल्लत झालेली असते.

याच लोहमार्गावरील जळगावचे घरकुल प्रकरण खान्देशातील व्यापारी कुटुंबांनी जवळून पाहिले आहे. जळगाव नगरपालिकेच्या काळातील घरकुल योजनेत सुमारे २९ कोटी रुपयांचा गैरव्यवहार झाल्याची फिर्याद महापालिकेचे तत्कालीन आयुक्त प्रवीण गेडाम यांनी फेब्रुवारी २००६ मध्ये दिली. माजी मंत्री सुरेश जैन यांना अटक झाली ती मार्च २०१२ मध्ये, म्हणजे सहा वर्षांनी. सर्वोच्च न्यायालयाकडून त्यांना जामीन मिळाला सप्टेंबर २०१६ मध्ये. खटला धुळे येथील विशेष न्यायालयात चालला आणि ३१ ऑगस्ट २०१९ रोजी न्यायालयाने ४८ आरोपींना दोषी ठरविले. जैन यांना सात वर्षे कारावास आणि १०० कोटी रुपये दंडाची शिक्षा झाली. त्यानंतर प्रकरण अपिलात उच्च न्यायालयात गेले.

या तारखा ओळीने पाहाव्यात. अटकेपासून निकालापर्यंत साडेसात वर्षे गेली. त्यांतील साडेचार वर्षे जामिनाविना गेली, त्या वेळी दोष सिद्ध झालेला नव्हता. पुढे जामीन मिळाला, तरी खटला संपला नव्हता. तीन वर्षांनी शिक्षा झालीच. नामांकित व्यक्ती असो की किराणा दुकानदार, फौजदारी प्रकरणाची वाट हीच आहे. ती आधीपासून माहीत असलेले कुटुंब संकटात कमी गोंधळते.

चिंचपाडा नवापूर तालुक्यात आहे. त्यामुळे तेथील प्रकरणाची पहिली पायरी म्हणजे नवापूरचे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी. खून, दरोडा यांसारखे गंभीर गुन्हे तेथून नंदुरबारच्या सत्र न्यायालयाकडे पाठविले जातात. त्यावर उच्च न्यायालयाचे छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) येथील खंडपीठ आणि अखेरीस दिल्लीचे सर्वोच्च न्यायालय.

१ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. गुन्हा नोंदविला म्हणजे अटक केलीच पाहिजे, असे या कायद्यात नाही. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात अटक का आवश्यक आहे, याची कारणे पोलिसांना नोंदवावी लागतात. तशी गरज नसेल तर हजर राहण्याची नोटीस द्यावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेशकुमार प्रकरणात यावर विशेष भर दिला. अशी नोटीस आल्यास वकिलाचा सल्ला घेऊन ठरल्या दिवशी हजर व्हावे. नोटीस टाळणाऱ्याला पुढे अटक होऊ शकते.

अटक झालीच, तर चार गोष्टी घरातील प्रत्येकाला ठाऊक असाव्यात. अटकेची कारणे सांगितली गेली पाहिजेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती लेखी आणि आरोपीला समजणाऱ्या भाषेत देण्यास सांगितले आहे. नातेवाइकास वा मित्रास कळविले गेले पाहिजे. प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत आरोपीला न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभे केले पाहिजे. आणि अपवादात्मक परिस्थितीत न्यायदंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घेतल्याशिवाय सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही.

गुन्हा जामीनपात्र असेल तर जामीन हा हक्क आहे. अजामीनपात्र असेल तर तो न्यायालयाच्या विवेकावर अवलंबून असतो. पोलीस कोठडी एकूण १५ दिवसांपर्यंत मिळू शकते, त्यापुढे न्यायालयीन कोठडी. तपास पूर्ण करून दोषारोपपत्र दाखल करण्यासाठी पोलिसांना ६० दिवस असतात. फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षे वा अधिक कारावासाच्या गुन्ह्यात ९० दिवस. ही मुदत उलटली आणि दोषारोपपत्र आले नाही, तर आरोपीला जामीन मागण्याचा हक्क प्राप्त होतो. मात्र त्यासाठी अर्ज करावा लागतो, म्हणून वकिलाइतकेच घरच्यांनीही दिवस मोजावेत.

दोषारोपपत्रानंतर खरा खटला सुरू होतो. आरोप निश्चित होतात, साक्षीदारांची सरतपासणी व उलटतपासणी होते, आरोपीचा जबाब नोंदला जातो, युक्तिवाद होतात आणि निकाल लागतो. नव्या कायद्याने यांतील अनेक टप्प्यांना मुदत घातली आहे. तरीही तारीख पडते, साक्षीदार येत नाही, कधी तो फितूर होतो. आपल्यापैकी अनेकांना पंच म्हणूनही न्यायालयाची पायरी चढावी लागते. पंचनाम्यावर सही करण्यापूर्वी तो पूर्ण वाचावा. जे डोळ्यांनी पाहिले नाही त्याखाली सही करू नये. काही वर्षांनी त्याच सहीवर शपथेने बोलावे लागते.

व्यापाऱ्याच्या वाट्याला अधिक येणारे प्रकरण धनादेश न वटल्याचे. ते पोलीस ठाण्यातून सुरू होत नाही. बँकेची सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांत घेणेकरी नोटीस पाठवितो. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम न दिल्यास पुढील एका महिन्यात थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तक्रार करता येते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा धनादेशाच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा जामीनपात्र असला तरी समन्स बेदखल केल्यास वॉरंट निघते आणि मग पोलीस दारात येतात. हे प्रकरण तडजोडीने मिटू शकते. लोकअदालतीत ते मिटविणे दोन्ही पेढ्यांच्या हिताचे असते.

कुटुंबाने काय करावे? फिर्यादीची, कोठडीच्या आदेशाची आणि दोषारोपपत्राची प्रत मिळवून एका फायलीत तारखेनुसार लावावी. हिशेबाच्या वह्या, बिले, बँकेचे उतारे यांना हात लावू नये. एक पान बदलले तरी निर्दोष माणूसही संशयित ठरतो. ‘आपली वर ओळख आहे’ म्हणणाऱ्या मध्यस्थाला पैसे देऊ नयेत, कारण तो स्वतःच एक नवा गुन्हा असतो. वकील परवडत नसेल, तर विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य साहाय्य मागता येते, आणि त्यात कमीपणा मानू नये.

समाजाचे कर्तव्यही तितकेच स्पष्ट आहे. आरोपीच्या मुलांना शाळेत, पत्नीला स्थानकात आणि वृद्ध आईवडिलांना शेजारात जी वागणूक मिळते, ती कोणत्याही न्यायालयाने दिलेली शिक्षा नसते, तरी ती सर्वांत आधी सुरू होते. दुसऱ्या बाजूला, ज्याचे पैसे बुडाले असा फिर्यादीही पुष्कळदा आपल्यातलाच असतो. ‘समाजाचे नाव जाईल’ म्हणून त्याच्यावर फिर्याद मागे घेण्याचा दबाव आणणे हा त्याच्यावरचा दुसरा अन्याय होय. दोघांनाही साक्षीपुराव्याने बोलू द्यावे, आणि निकाल येईपर्यंत कुणाच्याही घरचा उंबरठा ओलांडणे थांबवू नये.