शिव्या घालून संघ जिंकतो का? फर्ग्युसनचा बूट, मोरिन्होंची जीभ आणि रानिएरींचा पिझ्झा

कबड्डी असो, खो-खो असो की फुटबॉल, मैदानाच्या कडेला एक वाक्य हमखास ऐकू येतं. "ओरडल्याशिवाय पोरं पळत नाहीत." सर कडक असले की पालक खूश, सर हसून बोलले की लगेच शंका. आणि कुणी विरोध केलाच, तर परदेशातल्या मोठ्या प्रशिक्षकांचं उदाहरण ठरलेलं : "ते बघा, ते तर खेळाडूंच्या अंगावर धावून जातात, म्हणूनच कप जिंकतात."

हे खरं आहे का? जिथं खेळाडूला कोटींनी पगार मिळतो आणि प्रत्येक सामन्याचा हिशोब नोंदलेला असतो, त्या इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्येच याचं उत्तर शोधलेलं बरं. तिथं तापट माणसंही जिंकली आहेत आणि मऊ माणसंही. हरलेही दोघं आहेत.

आधी लीग समजून घेऊ

या लीगमध्ये 20 संघ. प्रत्येक संघ वर्षात 38 सामने खेळतो. जिंकला तर 3 गुण, बरोबरी झाली तर 1, हरला तर शून्य. शेवटी सगळ्यात जास्त गुणवाला विजेता. आणि तळाचे तीन संघ थेट खालच्या लीगमध्ये. म्हणजे इथं एका दिवसाच्या जोशावर भागत नाही. ऑगस्टपासून मे महिन्यापर्यंत संघ एकत्र ठेवावा लागतो. सामना 45-45 मिनिटांचा, मध्ये 15 मिनिटांची विश्रांती. या 15 मिनिटांत ड्रेसिंग रूममध्ये प्रशिक्षक काय बोलतो, त्याच्याच गोष्टी पुढं दंतकथा होतात.

फर्ग्युसन : तोंडावर गरम हवा

सर अॅलेक्स फर्ग्युसन हे स्कॉटलंडच्या ग्लासगो शहरातल्या जहाजबांधणी कामगाराचं पोर. नोव्हेंबर 1986 मध्ये ते मँचेस्टर युनायटेडचे प्रशिक्षक झाले आणि 2013 मध्ये निवृत्त झाले. या काळात क्लबनं 13 वेळा लीग जिंकली आणि 1999 व 2008 असं दोनदा युरोपचं अजिंक्यपद मिळवलं.

रागावले की ते खेळाडूच्या तोंडाजवळ तोंड नेऊन ओरडायचे. त्यांच्याच एका खेळाडूनं त्याला 'हेअर ड्रायर' नाव ठेवलं. केस वाळवायच्या मशीनची गरम हवा थेट तोंडावर यावी, तसं. 15 फेब्रुवारी 2003 ला घरच्या मैदानावर आर्सेनलकडून 0-2 अशी हार झाली. ड्रेसिंग रूममध्ये रागाच्या भरात फर्ग्युसन यांनी जमिनीवर पडलेल्या बुटाला लाथ मारली आणि तो उडून डेव्हिड बेकहॅमच्या भुवईवर बसला. टाके घालावे लागले. तीनच महिन्यांनी, मे महिन्यात, युनायटेडनं लीग जिंकली. बेकहॅम मात्र त्याच उन्हाळ्यात क्लब सोडून स्पेनला गेला.

कडकपणाचे समर्थक इथंच थांबतात. "बघा, बूट मारला आणि कप आला." पण ही अर्धीच गोष्ट झाली.

उरलेली अर्धी गोष्ट

जानेवारी 1995 मध्ये युनायटेडचा फ्रेंच खेळाडू एरिक कँटोना यानं मैदानाबाहेर जाता जाता शिवीगाळ करणाऱ्या एका प्रेक्षकाला उडी मारून लाथ घातली. त्याच्यावर अनेक महिन्यांची बंदी आली. कँटोना फुटबॉल सोडून निघाला, तेव्हा फर्ग्युसन स्वतः पॅरिसला गेले आणि त्याची समजूत काढून त्याला परत आणलं. पुढच्याच मोसमात त्याच्या गोलांच्या जोरावर संघानं लीग आणि एफए कप दोन्ही जिंकले. म्हणजे ज्या माणसाचा राग जगप्रसिद्ध, त्यानं सगळ्यात मोठ्या चुकीच्या वेळी राग गिळला. कँटोना ओरडून ऐकणाऱ्यांतला नाही, हे त्यांना माहीत होतं.

निवृत्तीच्या सुमारास अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठातल्या एका प्राध्यापक बाईंनी त्यांच्या पद्धतीचा अभ्यास केला. त्यात फर्ग्युसन यांनी सांगितलं, की बोलणी खाऊन सुधारणारी माणसं थोडी असतात, बहुतेकांना शाबासकी लागते. 'छान केलंस' यापेक्षा मोठे शब्द खेळात नाहीत, असं त्यांचं मत. चूक झाली तर त्याच दिवशी सामना संपताच बोलायचं, सोमवारपर्यंत साठवायचं नाही. बोलून झालं की विषय संपला. शिवाय रोजचा सराव ते सहाय्यकांवर सोपवायचे आणि स्वतः कडेला उभं राहून बघायचे. कुणाचं घरी बिनसलंय, कोण थकलाय, हे त्यामुळं कळायचं.

आणखी एक गोष्ट. 1986 मध्ये आलेल्या या माणसाला पहिला कप मिळाला 1990 मध्ये आणि पहिली लीग 1993 मध्ये. क्लबनं तोवर दम धरला. त्या वर्षांत त्यांनी गावोगावची पोरं हेरून क्लबची अकादमी उभी केली. बेकहॅमही तिथलाच. पंधरा-सोळा वर्षांच्या वयापासून ज्यानं आपल्याला सांभाळलं, त्याचं रागावणं वेगळं लागतं. घरातलं वडीलधारं माणूस बोललं तर पोरगं ऐकून घेतं, वाटेवरचा बोलला तर भांडायला उठतं. फरक शब्दांचा नाही, नात्याचा आहे.

मोरिन्हो : तीच जीभ, दोन निकाल

आता पोर्तुगालचे जोसे मोरिन्हो. 2004-05 मध्ये त्यांनी चेल्सीला 50 वर्षांनी लीग जिंकून दिली. 38 सामन्यांत संघानं फक्त 15 गोल खाल्ले. टोमणे मारायचे, वाद अंगावर घ्यायचे, "सगळं जग आपल्याविरुद्ध आहे" असं खेळाडूंच्या मनात भरवायचं, ही त्यांची रीत. पण तेव्हा त्यांचा बाण बाहेर सुटायचा : पंचांवर, पत्रकारांवर, समोरच्या प्रशिक्षकावर. आपल्या खेळाडूंसाठी ते ढाल होते.

ते चेल्सीत परत आले आणि 2014-15 मध्ये पुन्हा लीग जिंकली. पण ऑगस्ट 2015 च्या पहिल्याच सामन्यात गोष्ट फिरली. शेवटच्या मिनिटांत चेल्सीचा खेळाडू एडन हझार्ड मैदानात पडला. पंचांनी बोलावलं म्हणून संघाच्या डॉक्टर एव्हा कार्नेरो आत धावल्या. नियमानुसार उपचार घेतलेल्या खेळाडूला थोडा वेळ बाहेर जावं लागतं. चेल्सीचा एक खेळाडू आधीच बाद होता, त्यामुळं संघ नऊ जणांवर आला. सामना 2-2 असा सुटला. मोरिन्होंनी डॉक्टरांना सगळ्यांसमोर दोष दिला. त्या क्लब सोडून गेल्या आणि पुढच्या वर्षी क्लबला त्यांची जाहीर माफी मागावी लागली.

आता बाण आत सुटायला लागले होते. 16 सामन्यांत चेल्सी 9 वेळा हरली. डिसेंबरमध्ये लेस्टर सिटीकडून हार झाल्यावर, आपल्या मेहनतीचा विश्वासघात झाल्यासारखं वाटतंय, असं मोरिन्हो जाहीरपणे बोलले. तीन दिवसांत त्यांना काढलं. तेव्हा सात महिन्यांपूर्वीचा हा विजेता संघ 16 व्या क्रमांकावर, तळाच्या तिघांपेक्षा फक्त एका गुणानं वर होता.

पुढं मँचेस्टर युनायटेडमध्येही तेच. तरुण बचावपटू ल्यूक शॉ चांगला खेळला, तरी शरीर त्याचं पण डोकं आपलं होतं, अशा अर्थाचं ते पत्रकारांपुढं बोलले. डिसेंबर 2018 मध्ये तिथूनही त्यांना जावं लागलं. तोच शॉ 2021 च्या युरो कपच्या अंतिम सामन्यात इंग्लंडकडून दुसऱ्याच मिनिटाला गोल करून गेला.

रानिएरी : शून्य गोल, तर पिझ्झा

ज्या लेस्टरनं मोरिन्होंची खुर्ची घालवली, त्या संघाचे प्रशिक्षक होते इटलीचे क्लॉडिओ रानिएरी. आधीच्या वर्षी नाताळात हा संघ तळाला होता. 2015-16 च्या सुरुवातीला लेस्टर लीग जिंकेल यावर सट्टेबाज एकास पाच हजारचा भाव देत होते.

लेस्टर गोल करत होता, पण खातही होता. पहिल्या नऊ सामन्यांत एकदाही कोरा बचाव जमला नाही. रानिएरींनी आरडाओरडा केला नाही. म्हणाले, एकही गोल खाऊ नका, पिझ्झा माझ्याकडून. दहाव्या सामन्यात क्रिस्टल पॅलेसला 1-0 नं हरवलं आणि ते सगळा संघ घेऊन पिझ्झाच्या दुकानात गेले. गंमत म्हणजे पीठ खेळाडूंनाच मळायला लावलं. फुकट काही मिळत नाही, हा धडा त्यातही होताच. मे 2016 मध्ये लेस्टर दहा गुणांच्या फरकानं विजेता झाला.

पण इथंही अर्ध्यावर थांबायचं नाही. पुढच्याच मोसमात लेस्टर घसरला आणि फेब्रुवारी 2017 मध्ये रानिएरींनाही काढलं. माणूस तोच, स्वभावही तोच. म्हणजे नुसता गोडवाही कायमचा उपाय नाही.

अभ्यास काय सांगतो?

अमेरिकेत संशोधकांनी शाळा-कॉलेजच्या 23 बास्केटबॉल संघांची मध्यंतरातली 304 भाषणं तपासली. प्रशिक्षक थोडा नाराज, थोडा कडक असेल तर दुसऱ्या अर्धात संघ बरा खेळला. पण राग हद्दीबाहेर गेला, की खेळ उलट बिघडला. हा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला.

दुसरा अभ्यास व्यावसायिक एनबीए लीगच्या जवळपास सातशे बास्केटबॉल खेळाडूंचा, 2016 मधला. अपमान करणाऱ्या प्रशिक्षकांच्या हाताखाली गेलेल्यांची कामगिरी पुढं घसरलेली दिसली आणि मैदानावर आक्रस्ताळेपणाबद्दलचे फाऊल वाढले. प्रशिक्षक बदलला तरी परिणाम मागं राहिला.

दोन्ही जोडून वाचलं तर असं दिसतं : त्या दिवसापुरता राग कधीकधी कामाला येतो, पण रोजचा अपमान खेळाडूला आतून पोखरतो. शेतात युरिया टाकला की पीक आठवड्यात हिरवंगार दिसतं. प्रमाणाबाहेर टाकला तर तेच पीक लोळतं.

मग "ओरडलं की खेळ सुधारतो" असं वाटतं का?

कारण आपले डोळे फसतात. पुढं 2002 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले डॅनियल काहनमन इस्रायलमध्ये विमान शिकवणाऱ्या प्रशिक्षकांसमोर बोलत होते. एक प्रशिक्षक म्हणाला, "मी शाबासकी दिली की पोरगं पुढच्या वेळी वाईट उडवतं, शिव्या दिल्या की चांगलं उडवतं." काहनमन यांनी दाखवलं, की यात शाबासकीचा वा शिवीचा संबंधच नाही.

सोपं उदाहरण घ्या. गाय रोज साधारण दहा लिटर दूध देते. एके दिवशी सातच दिलं. मालक तिच्यावर ओरडला. दुसऱ्या दिवशी साडेनऊ. ओरडल्यामुळं? नाही. गाय आपल्या नेहमीच्या मापावर आली. खेळाडूचंही तसंच. फार वाईट दिवसानंतर बहुतेक वेळा बरा दिवसच येतो. आपण ओरडतो नेमके वाईट दिवशी, म्हणून श्रेय ओरडण्याला जातं. शाबासकी देतो फार चांगल्या दिवशी, पुढं खेळ नेहमीवर येतो, आणि दोष शाबासकीला.

आपल्याकडचा अनुभव

भारतीय फुटबॉलचा सोन्याचा काळ हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम यांच्या हाताखालचा. मूळचे शिक्षक, शिस्तीला कडक. 1951 आणि 1962 चं आशियाई सुवर्ण, 1956 च्या ऑलिम्पिकमध्ये चौथा क्रमांक. 1962 मध्ये जकार्तात प्रेक्षक भारताच्या विरोधात आणि जर्नेल सिंग डोक्याला टाके घालून खेळत होता. तरी अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला 2-1 नं हरवलं, त्यात एक गोल जर्नेलचाच. रहीम साहेब तेव्हा आजारी होते आणि पुढच्या वर्षी कर्करोगानं गेले. खेळाडू त्यांच्यासाठी जीव टाकून खेळले ते धाकानं नाही.

उलट उदाहरणही आहे. 2017 चा 17 वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला. कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्या भारतीय संघात होता. स्पर्धेला काही महिने उरले असताना खेळाडूंनी परदेशी प्रशिक्षकाच्या वागणुकीविरुद्ध महासंघाकडे लेखी तक्रार केली आणि त्यांना जावं लागलं. नवा प्रशिक्षक आला, पण हाती वेळ थोडा. भारत तिन्ही सामने हरला. समोरचे संघ तगडे होते, त्यामुळं सगळा दोष एका कारणाला देता येणार नाही. तयारीचे मोलाचे महिने मात्र यात गेले.

कडक आणि क्रूर यातला फरक ओळखायचा कसा?

आता तालुक्याच्या गावीही अकादम्या निघाल्या आहेत. फी भरून पोरगं पाठवणाऱ्यांनी चार गोष्टी बघाव्यात.

एक, सर चुकीवर बोलतात की पोरावर? "पास उशिरा दिलास" ही सूचना झाली. "तुझ्या बापाला जमलं नाही, तुला काय जमणार" हा अपमान झाला.

दोन, रागावल्यावर पुढं काय करायचं ते सांगतात का? नुसत्या आवाजातून पोरगं घाबरायला शिकतं, खेळायला नाही.

तीन, नियम सगळ्यांना सारखा आहे का? स्टार खेळाडूला सूट आणि गरिबाच्या पोराला शिव्या, असं असेल तर ती शिस्त नव्हे.

चार, दुखापत झाली तर पोरगं सरांना सांगतं का? हे सगळ्यात महत्त्वाचं. भीतीपोटी गुडघ्याचं दुखणं लपवणारा खेळाडू एक सामना खेळेल आणि पुढची दोन वर्षं घरी बसेल.

हात उचलणं या यादीत येतच नाही. तो गुन्हा आहे, तिथं समजूत काढत बसायचं नाही.

कडकपणानं संघ जिंकतो का, तर हो, जिंकू शकतो. पण ज्याच्यावर विश्वास आहे त्याच्याच कडकपणानं. फर्ग्युसन यांचा बूट सगळ्यांना आठवतो. त्याआधी सोळा वर्षं त्यांनी जमवलेला विश्वास कुणी व्हिडिओत टाकत नाही.